‘टेबल’ म्हटलं की तुम्हाला पहिलं काय सुचतं? (ऑटिस्टिक प्रौढांना विचारतेय, बाकीच्यांनीही लिहावं)

ऱ्हस्व_दीर्घ

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या. वय ४४, पुणे, पेशा मुद्रितशोधनाचा. ऑटिझमचं निदान चाळिशी उलटल्यावर झालं. भाच्याची तपासणी चालू होती, डॉक्टर बहिणीला एकेक प्रश्न विचारत होते आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत होतो, तिथून सुरुवात. ती कथा पुन्हा कधीतरी. आज एकच विषय: शब्दावरून शब्द सुचणं.

कचेरीत महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी सक्तीची मजा असते. या वेळचा खेळ असा की एकाने शब्द द्यायचा आणि पुढच्याने मनात येईल तो पहिला शब्द ताबडतोब म्हणायचा. पाऊस, भजी. आई, माया. पुणे, ट्रॅफिक. झकास चाललं होतं. माझ्या वाट्याला ‘टेबल’ आलं. मी म्हटलं, ‘चतुर्थी’. हशा. ‘ताई, तुम्ही ना, ग्रेट आहात,’ असं म्हणून खेळ घेणाऱ्या बाई पुढच्याकडे वळल्या.

आता हे चतुर्थी कुठून आलं ते सांगते. इचलकरंजीला मामाकडे जेवणाचं टेबल होतं. त्याच्या सनमायक्याचा एक कोपरा उचकटलेला, आणि माझी बसायची जागा नेमकी त्या कोपऱ्याशी. खिचडीतले साबुदाण्याचे दाणे त्या फटीत जाऊन बसायचे, वाळून कडकडीत व्हायचे आणि मी ते नखाने उकरत बसायचे. मामी ओरडायची. साबुदाणा म्हणजे मामीची संकष्टी. हे मला ओळीने आठवत जात नाही, ‘टेबल’ म्हणताक्षणी सगळं एकदम हजर असतं, नखाखाली टोचतंसुद्धा. त्यातून एक शब्द उचलून द्यायचा तर मी ‘चतुर्थी’ दिला. ‘खुर्ची’ हे उत्तर मला ठाऊक नसतं असं नाही. ते मागाहून येतं, आणि ‘लोक असं म्हणतात’ म्हणून येतं.

हे झालं वस्तूंचं. ‘प्रगती’, ‘विश्वास’, ‘सुख’ असले शब्द आले की काहीच दिसत नाही, मग डोळ्यांपुढे अक्षरं उभी राहतात. ‘दुःख’ म्हटलं की मला सुचतो विसर्ग. ‘मन’ म्हटलं की ‘मण’, कारण अर्ध्या महाराष्ट्राचा न-ण चा घोळ माझ्या टेबलावरून जातो. आता हा धंद्याचा परिणाम की मेंदूचा, देव जाणे.

निदानाच्या वेळी एका चाचणीत एका मिनिटात जमतील तितक्या प्राण्यांची नावं सांगायची होती. मी मनाने कात्रजला गेले. आमच्या लहानपणी कात्रजला सर्पोद्यानच होतं, पेशवे पार्कातले वाघसिंह तिकडे नंतर गेले, त्यामुळे शिरल्या शिरल्या साप. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, धामण, दिवड, कवड्या, नानेटी, गवत्या, मांडूळ, डुरक्या घोणस, अजगर. अजगराशी मिनिट संपलं. गाय, कुत्रा, मांजर राहूनच गेले. चाचणी घेणाऱ्या बाईंनी काहीतरी लिहून घेतलं.

विचारायचं ते हे. तुमचे शब्द कशावरून जोडले जातात? चित्र, आवाज, जागा, वास, की आणखी काही? आणि मधल्या कड्या तुम्ही समोरच्याला सांगता का? मी सांगायला घेतलं की साबुदाण्यापर्यंत पोचेतो ऐकणारा मोबाईल काढतो. न सांगावं तर ‘ही विषय सोडून बोलते’ हा शिक्का आहेच. घरी-दारी तुम्ही कसं भागवता?

बारा_गावचं_पाणी

राग मानू नका, पण हे सगळ्यांनाच होतं हो. मला ‘टेबल’ म्हटलं की ‘टेबलाखालून’ सुचतं, आणि त्यामागोमाग सातबाऱ्यावरची नोंद. हल्ली जरा काही वेगळं सुचलं की त्याला इंग्रजी नाव लागतं. आमच्या वेळी अशा माणसाला विक्षिप्त म्हणायचे आणि विक्षिप्त माणूस सुखाने जगायचा.

ऱ्हस्व_दीर्घ

@बारा_गावचं_पाणी, टेबलाखालून आवडलं. पण तुमचं उत्तर ऐकून लोक हसतील ते कळून हसतील. ‘टेबल’वरून लाच ही वाट सगळ्यांच्या पायाखालची आहे. कड्या सगळ्यांकडे असतात हे मान्यच. घाईत विचारलं की तुम्हाला सगळ्यांची वाट आधी सापडते आणि मला माझी, एवढंच म्हणतेय. आणि विक्षिप्त माणूस सुखाने जगायचा हे एकदा त्याच्या बायकोला विचारून मग लिहा.

मंगळवार_तपकिरी

ऑटिस्टिक, वय ३१, हिंजवडी, सॉफ्टवेअर टेस्टिंग.

‘ऑटिस्टिक लोक चित्रांत विचार करतात’ हे वाक्य कोणी टाकण्याआधीच हात वर करतो: मला चित्रं दिसत नाहीत. ते वाक्य टेम्पल ग्रँडिन या ऑटिस्टिक लेखिकाबाईंमुळे पसरलं. ‘चर्चचा मनोरा’ म्हटलं की आपण पाहिलेले खरेखुरे मनोरे एकामागून एक डोळ्यांपुढून जातात, असं त्या सांगतात. ते त्यांच्यापुरतं खरं. पुढे त्यांनीच म्हटलं की काही ऑटिस्टिक लोकांची विचार करायची रीत नमुन्यांची असते, काहींची शब्दांची. मी त्या शेवटच्या गटातला.

माझं सगळं आवाजावर चालतं. टेबल, केबल, काबूल, काबुली चणे. एका सेकंदात छोले. मॅनेजर ‘रोडमॅप’ म्हणाला की मला रोडगे, आणि मग वांग्याची भाजी. उघड बोलत नाही, नोकरी करायची आहे.

शिवाय वारांना रंग आहेत, आयडीवरून कळलंच असेल. २०१३ साली सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी हे असं संवेदनांचं मिसळणं प्रौढांमध्ये तपासलं होतं. ऑटिस्टिक लोकांत १८.९ टक्के, इतरांत ७.२ टक्के. म्हणजे आपल्यात जास्त खरं, पण पाचांतल्या चारांना नाहीच. तेव्हा ‘ऑटिस्टिक मेंदू असा असतो’ अशी वाक्यं दिसली की मी पुढे वाचत नाही.

एक निरीक्षण मात्र तुमच्या कामाचं वाटतं. हाच खेळ इंग्रजीत खेळलो तर मी साळसूदपणे ‘टेबल-चेअर’ म्हणतो. इंग्रजी मी पुस्तकातून शिकलो, जोड्या लावा, गाळलेल्या जागा भरा. तिथले शब्द जोडीजोडीनेच डोक्यात आले. मराठी घरात आली. तिला माणसं चिकटलेली आहेत, भांडणं चिकटलेली आहेत. तुमच्या कचेरीत खेळ मराठीत झाला म्हणून मामी आली. इंग्रजीत करून बघा.

अवांतर: शब्दांच्या गोतावळ्यावरून आठवलं. आजीने ‘नारळ वाढव’ म्हटलं तेव्हा मी दुसरा नारळ शोधायला आत गेलो होतो. बांगडी वाढवली, दुकान वाढवलं, कुंकू... फुटलं, बंद झालं, पुसलं असं म्हणायचंच नाही, म्हणून सगळं वाढवायचं. त्याची यादी पाठ केली, प्रश्न मिटला. म्हणी-वाक्प्रचारांचा मला कधीच त्रास नाही, ते परीक्षेला असतात. त्रास ‘बघू’चा. ‘बघू’ म्हणजे नाही, हो, की खरोखरच बघू, हे माणसागणिक बदलतं आणि कुठल्याच पुस्तकात दिलेलं नाही.

जिभेला_हाड

धागा आवडला. मी वाचा-उपचार करते, कोल्हापूरला. मुलांबरोबर हल्ली मोठी माणसंही येतात. थोडं लांबण लागेल, पण ‘टेबल’ पाहून राहवेना.

१९१० साली अमेरिकेत ग्रेस केंट आणि एरन रोझानॉफ यांनी १०० शब्दांची यादी केली आणि १००० सर्वसाधारण माणसांना ती देऊन पहिलं उत्तर टिपून घेतलं. त्या यादीतला पहिलाच शब्द ‘टेबल’ आहे! सगळ्यात जास्त आलेलं उत्तर अर्थातच ‘खुर्ची’. पण ते किती जणांचं? साधारण पाव हिश्श्याचं. बाकी पाऊण लोकांनी लाकूड, फर्निचर, जेवण, असं काही काही म्हटलं. तुमच्या कचेरीतल्या मंडळींना हे सांगा.

पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. या हजार जणांच्या उत्तरांचं त्यांनी कोष्टक केलं. कोष्टकात सापडेल ते सर्वसामान्य उत्तर, जे त्यात कुणाचंच नाही ते ‘एकट्याचं’ उत्तर. मग तीच यादी मनोरुग्णालयातल्या २४७ जणांना दिली. सर्वसाधारण लोकांत एकट्याची उत्तरं ६.८ टक्के होती, रुग्णांत २६.८. झालं. जगावेगळं उत्तर म्हणजे बिघाडाची खूण, ही समजूत रुजली. त्या एकट्या उत्तरामागे साबुदाणा आहे का, हे कोष्टकात लिहायला रकाना नव्हता.

त्याच्याही आधी झुरिकच्या बुर्गहोल्ट्स्ली इस्पितळात कार्ल युंग स्टॉपवॉच घेऊन हीच चाचणी करत होते. उत्तराला वेळ लागला की तिथे मनात काहीतरी अडलंय, असा त्यांचा तर्क. (ऱ्हस्व_दीर्घताई, तुम्हाला ‘खुर्ची’ला लागणारा वेळ पाहून युंगसाहेब काय म्हणाले असते कोण जाणे.) तिथले प्रमुख होते ऑयगेन ब्लॉयलर. ‘ऑटिझम’ हा शब्द याच ब्लॉयलरांनी १९१०च्या आसपास काढला, तोही स्किझोफ्रेनियाच्या एका लक्षणासाठी. म्हणजे तुमच्या निदानाचं नाव जिथून आलं त्याच इमारतीत तुमच्या कचेरीतला खेळ चाचणी म्हणून चालत होता.

आज ज्याला आपण ऑटिझम म्हणतो त्याचं वर्णन लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांवरून केलं. १९४६ साली त्यांनी या मुलांच्या ‘असंबद्ध’ बोलण्यावर वेगळा लेख लिहिला. त्यातला पॉल भांडं दिसलं की ‘पीटर ईटर’ म्हणायचा. आई त्याला पीटरचं बडबडगीत म्हणून दाखवत असताना तिच्या हातून पातेलं पडलं होतं, तेव्हापासून. डोनाल्ड नावाच्या मुलाने रंगाच्या पाच बाटल्यांना कॅनडातल्या डिऑन बहिणींची नावं दिली होती. एकाच वेळी जन्मलेल्या त्या पाच बहिणी तेव्हा जगभर गाजत होत्या. निळी बाटली अ‍ॅनेट, तांबडी सेसिल. मग तो म्हणायचा, ‘अ‍ॅनेट आणि सेसिल मिळून जांभळा.’ कॅनर यांचं म्हणणं असं की मूळ प्रसंग कळला की यातलं काहीच असंबद्ध राहत नाही. हे १९४६ साली छापून आलंय. आमच्याकडे येणाऱ्या फायलींवर अजून ‘असंबद्ध बोलतो’ असा शेरा असतो, आणि त्यापुढे प्रसंग विचारल्याची नोंद क्वचितच.

प्राण्यांच्या चाचणीबद्दल: त्यात नुसती संख्या मोजत नाहीत. माणूस एका गुच्छात किती रमला आणि किती वेळा दुसऱ्या गुच्छावर उडी मारली, हेही बघता येतं. पाळीव, मग जंगली, मग पाण्यातले, असं बहुतेक लोक फिरतात. तुम्ही एका गुच्छात १२ नावं सांगितलीत आणि ती सगळी बरोबर आहेत. बाईंनी बहुधा तेच लिहिलं असणार.

एक इशारा देते. यावरून कुणी स्वतःचं निदान करू नये. ऑटिस्टिक प्रौढांची उत्तरं सरसकट जगावेगळी असतात असं नाही. शांतपणे विचारलं तर पुष्कळ जणांची उत्तरं चारचौघांसारखीच येतात. फरक जास्त करून दिसतो तो वापरात, घाईत, गलक्यात, संदर्भ चटकन पकडायचा असतो तिथे. त्यासाठी इंग्रजीत एक जुनी चाचणी आहे. उटा फ्रिथ आणि मॅगी स्नोलिंग यांनी १९८३ साली वापरलेली, पुढे १९९७ साली फ्रान्सेस्का हॅपे यांनीही. ‘टिअर’ म्हणजे अश्रू आणि ‘टेअर’ म्हणजे फाटणं, दोन्हींचं स्पेलिंग एकच. वाक्यावरून उच्चार ठरवून मोठ्याने वाचायचं. ऑटिस्टिक वाचक संदर्भ धरून उच्चार बदलायला इतरांपेक्षा कमी पडतात असं त्यांत दिसलं. मराठीत लिहितो तसं वाचतो म्हणून अशी चाचणी जमणार नाही असं वाटतं, पण आपल्याकडे च-ज आहेत. ‘तो जात होता’ आणि ‘त्याने जात विचारली’. मी मनातल्या मनात ही चाचणी कधीची तयार करतेय.

दुपारचा_डबा

वरचा पॉल वाचून लिहायला बसले. माझा मुलगा २६ वर्षांचा, ऑटिस्टिक, मोजकं बोलतो. आम्ही डोंबिवलीकर. त्याचं निम्मं बोलणं मध्य रेल्वेचं आहे.

‘पुढील स्टेशन, घाटकोपर.’ अगदी त्या बाईच्या सुरात. घरी, दवाखान्यात, देवळात, कुठेही. आम्ही समजायचो लोकलचं वेड. ध्यानात आलं ते त्याच्या ताईच्या. तो लहान असताना एकदा मुंबईकडे जाताना डब्यात इतकी गर्दी झाली की तो कान दाबून किंचाळायला लागला. घाटकोपरला कसेबसे उतरलो. बाकड्यावर बसवून सरबत पाजलं, आणि तासभर तिथेच बसून राहिलो, गाड्या सोडत. तेव्हापासून ‘पुढील स्टेशन, घाटकोपर’ म्हणजे मला इथून बाहेर काढा.

कल्याणला एका लग्नात बँड सुरू झाला आणि याने घाटकोपर सुरू केलं. चुलत सासरे म्हणाले, ‘अरे बाळा, घाटकोपर कुठलं, आपण कल्याणला आहोत ना!’ आणि त्याला कौतुकाने बँडच्या आणखी जवळ नेलं. पुढचं सांगत नाही.

मी एक वही ठेवलीय. तीन रकाने: काय म्हणाला, कुठून आलं, काय हवंय. थोडं उतरवते.

‘गॅस बंद कर’: आजी ओरडायची, मग कुकर गप्प व्हायचा. आवाज थांबवा. बहुतेक वेळा टीव्ही, कधी कधी मी.

‘सुट्टे नाहीत’: रिक्षावाला. मला द्यायचं नाही. बिस्किटाचा पुडा मागितला की हमखास.

‘सही करा’: कुरियरवाला. दाराशी कुणीतरी आहे.

‘उद्या ये’: हे अजून सापडलेलं नाही. रडताना म्हणतो.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्राच्या वेळी ऑटिझम मोजायची ‘इसा’ नावाची चाचणी घेतात, त्यात ४० मुद्दे असतात. एक मुद्दा ‘निरर्थक शब्द वापरतो’ असा आहे. तिथे त्याला बरेच गुण पडले. त्या चाचणीत जास्त गुण म्हणजे जास्त अपंगत्व, आणि आम्हाला प्रमाणपत्र हवं होतं, म्हणून मी गप्प बसले. वही पर्समध्ये होती.

जिभेला_हाड

@दुपारचा_डबा, ही वही सोन्याची आहे, तिची एक प्रत काढून ठेवा. बॅरी प्रिझंट यांनी १९८०च्या दशकात हेच मांडलं की ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणण्यालाही काम असतं: मागणी, नकार, स्वतःला शांत करणं. त्याआधी असं बोलणं बंद पाडण्याकडेच कल होता. आणि तो जिथे जातो, कार्यशाळा, दवाखाना, तिथल्या माणसांना निदान ‘घाटकोपर’ तरी आधी सांगून ठेवा. ‘उद्या ये’साठी एक सुचवते: तो कुठे एकटा ताटकळला होता का, शाळेत, दवाखान्यात, कुणाच्या दारात, ते आठवून पाहा.

सिन्नर_फाटा

मी ऑटिस्टिक नाही, नवरा आहे. नाशिक. धागाकर्तीच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देते, कारण आमच्याकडे त्यावर बरीच वर्षं भांडून एक सोय झालीय.

मी म्हणते, ‘उद्या आईंना फोन कर.’ तो म्हणतो, ‘सायकलचं पंक्चर काढायचंय.’ लग्न झाल्यावर सुरुवातीला मला वाटायचं हा आईचा विषय टाळतोय. नंतर नंतर मी रडायचे. मग एकदा वैतागून विचारलं, ‘हे कुठल्या मार्गे आलास?’ एसटीच्या पाटीवर असतं ना, नाशिक-पुणे मार्गे संगमनेर, तसं. तर तो लगेच म्हणाला, ‘गुडघा.’ आईंना फोन केला की त्या गुडघ्याचं बोलणार, गुडघ्याचे डॉक्टर ज्या गल्लीत बसतात तिच्या तोंडाशी पंक्चरवाला आहे.

तेव्हापासून हाच नियम. मला कळलं नाही की मी फक्त ‘मार्गे?’ म्हणते. त्याने एकच गाव सांगायचं. पाटीवर काही सगळे थांबे लिहिलेले नसतात. एकावर भागलं नाही तर मी आणखी एक मागते, पण क्वचित. आता तो बाहेरसुद्धा आपणहून म्हणतो, ‘पंक्चर, मार्गे आईचा गुडघा.’ लोक हसतात, पण कळून हसतात, तुम्ही वर म्हटलंय तसं.

मुलीने हे उचललंय. ती सहावीत आहे आणि माझ्यावरच उलटवते. मी ‘पसारा आवर’पासून ‘दहावीचं काय होणार’पर्यंत गेले की थंडपणे विचारते, ‘मार्गे?’

मंगळवार_तपकिरी

‘मार्गे’ चोरतोय. पण एक मुद्दा राहू नये. यात विचारायचं काम तुम्ही करताय, म्हणून ते चालतंय. एरवी समजावून सांगायचा भार नेहमी आमच्याच डोक्यावर. डेमियन मिल्टन नावाचे ब्रिटिश संशोधक आहेत, स्वतः ऑटिस्टिक. त्यांनी २०१२ साली हेच मांडलं, की न कळणं दोन्ही बाजूंनी असतं. त्यांना आमचं कळत नाही, पण दोष मात्र एकाच बाजूच्या फायलीवर लिहिला जातो.

आणि याची एक छान परीक्षा झाली २०२० साली. कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी आठ-आठ जणांच्या साखळ्या करून कानगोष्टींसारखा प्रयोग केला: पहिल्याने ऐकलेली गोष्ट दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट जितकी टिकली तितकीच सगळे बिगर-ऑटिस्टिक असलेल्या साखळीत. सरमिसळ साखळीत तपशील भराभर गळाले. म्हणजे आम्हाला बोलता येत नाही अशातला भाग नाही.

@बारा_गावचं_पाणी, तुमच्यासाठीच लिहिलंय हो.

बारा_गावचं_पाणी

वाचलं. त्या पोराला बँडजवळ नेणाऱ्यांत मीही असतो, हे मात्र खरं. आमच्या एका पुतण्याला ‘काहीही बडबडतो’ म्हणायची घरात सवय आहे. त्याच्या आईला वहीचं सांगतो. तीन रकाने ना?

दुपारचा_डबा

हो, तीन. तिसरा कधी कधी महिनोन्‌महिने रिकामा राहतो, राहू द्यायचा. आणि वही साधी शंभर पानी घ्या. मी आधी मोबाईलमध्ये लिहीत होते, पण आजीला मोबाईल वाचता येत नाही आणि निम्म्या गोष्टी तिलाच माहीत असतात.

ऱ्हस्व_दीर्घ

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

@सिन्नर_फाटा, ‘मार्गे’ मी कालपासून वापरतेय. माझी अडचण थोडी वेगळी निघाली: कुठलं गाव सांगायचं? माझ्या मनात ठळक काय, तर सनमायक्याचा उचकटलेला कोपरा. मी पहिल्यांदा तेच सांगितलं, ‘चतुर्थी, मार्गे उचकटलेला कोपरा’, आणि बहिणीचा चेहरा कोराच. ‘मार्गे साबुदाणा’ म्हटल्यावर ती हसली, आणि मग आपणहून मामीच्या थालीपिठावर गेली. म्हणजे ऐकणाऱ्याच्या ओळखीचं गाव निवडायला हवं, आणि ते निवडायचं तर ऐकणाऱ्याच्या डोक्यात डोकावायला हवं, जे आपल्याला अवघड म्हणूनच तर हा धागा. घरात जमेल. कचेरीत त्यापेक्षा ‘खुर्ची’ म्हणणं सोपं, आणि शुक्रवारी मी सरळ तेच म्हणणार आहे. तिथे मला कुणाला साबुदाणा द्यायचाही नाही.

@मंगळवार_तपकिरी, इंग्रजीत करून पाहिलं, भाच्याबरोबर. तुमचं म्हणणं माझ्या बाबतीत निम्मं खरं. ‘टेबल’वर ‘चेअर’ आलं, अगदी झटकन. पण ‘रेन’वर ‘रेन रेन गो अवे’ आणि त्यावरून आमच्या बालवाडीच्या बाईंची हिरवी छत्री. ते इंग्रजी पुस्तकातून आलेलं नसावं. भाचा अकरा वर्षांचा आहे, त्याने ‘टेबल’वर ‘बारा’ म्हटलं. मी ‘मार्गे?’ विचारलं. म्हणाला, ‘टेबल्स. बारापर्यंत पाठ आहेत.’

@जिभेला_हाड, केंट-रोझानॉफचं माहीत नव्हतं. पाव लोकांचं उत्तर ‘बरोबर’ म्हणून शंभरावर वर्षं चालवायचं, याला काय म्हणावं. आणि ‘जात’ भारीच. तुमच्या चाचणीला भर घालते: ‘जरा थांब’ आणि ‘जरा-मरण’. ‘जग सुंदर आहे’ आणि ‘शंभर वर्षं जग’. प्रुफात या दोन्हींना एकच खूण पुरते म्हणून डोळ्याला कळत नाहीत, मोठ्याने वाचलं की जीभ अडते. दिवाळी अंकाची प्रुफं येऊन पडलीत, शनिवारपर्यंत इथे फिरकणं होणार नाही. आणखी सापडले तर टाकून ठेवा. च चे तर मला एकदोनच आठवतायत.

जिभेला_हाड

‘जग’ घेतला! च चे मी शोधते. ‘पाच’ चालेल का पाहा, रत्न आणि आकडा. आमच्याकडे दोन्ही एकसारखेच म्हणतात, पुण्याकडचं तुम्ही सांगा.